आपण स्वतः शिक्षक नसताना मुलीला शाळेऐवजी घरी शिकवायचा विश्वास कुठून आणायचा? देवावरच्या श्रद्धेवर पाऊल उचलावं का?

तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. चार वर्षांपूर्वी याच विचाराने माझी झोप उडाली होती.

आम्ही मुलुंडचे, घर माळकरी. मी बी.कॉम. पांडुरंग पाठीशी आहे, एवढ्या बळावर लेकीला दुसरीतून काढलं. सासूबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या, "अगं, देव बळ देईल, पण पाटी तुलाच धरायचीय."

हातच्याची वजाबाकी आली आणि त्यांचं म्हणणं पटलं. ५२ वजा २७. तीन आठवडे रोज तेच. मी ओरडायचे, ती रडायची. एका संध्याकाळी दिवा लावताना वाटलं, आपण पोरीचं वाटोळं केलं. दुसऱ्या दिवशी रिक्षाला सुट्टे हवेत म्हणून तिला दहाची नोट देऊन खाली वाण्याकडे पाठवलं. परत आली, दहा नाणी ओट्यावर मांडली आणि म्हणाली, "आई, हातचा घेणं म्हणजे दहाचे सुट्टे आणणं ना?"

हे मी शिकवलं नव्हतं. माझा विश्वास तिथून सुरू झाला, आणि तो स्वतःवर कमी, तिच्यावर जास्त होता. श्रद्धेने मला ते तीन आठवडे टिकवलं, एवढं मात्र मी छातीठोकपणे सांगेन.

भीतीचा दुसरा भाग कागदांचा असतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात ६ ते १४ वयाच्या मुलांना शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय, पण न घातल्यास पालकांना शिक्षेचं कलम त्यात नाही. त्याच कायद्यानुसार शाळेबाहेरच्या मुलाला वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो, म्हणजे परतीची वाट आहे. दहावी एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून होते: वय १४ पूर्ण हवं, ५ विषय, त्यात किमान १ भाषा, परीक्षेला ५ वर्षांत ९ संधी. हे कळल्यावर आमच्या ह्यांचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला.

तुम्ही लिहिलंय की तुम्हा आई-बाबा दोघांपैकी एकाचं मन अजून तयार नाही. मग थांबा. एकाने ओढत नेलं तर पोर मधल्या मध्ये भरडलं जातं. मे महिन्याच्या सुट्टीत रोज दीड तास दोघांनी आळीपाळीने तिच्याजवळ बसून बघा. दाखला तोवर काढू नका.