घेऊ की थांबू? : गेमबद्दल वाचकांचे प्रश्न

या खेपेच्या पत्रांत निम्मी पत्रं "हा कन्सोल (म्हणजे गेम खेळायचं यंत्र) चांगला की तो" अशी आहेत. कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझं गेम पार्लर होतं तेव्हाही काउंटरवर हेच विचारलं जायचं, आणि मी उलट विचारायचे, खेळणार कोण, घरात टीव्ही कुठला, आणि नेट कसलं? पत्रात एवढं लिहीत जा, म्हणजे मला अंदाजपंचे उत्तर द्यावं लागणार नाही. चिंचवडच्या वाचकांनी लिहिलंय, म्हणून त्यांचा नंबर पहिला.

ताई, धाकटा भाऊ टोकियोत नोकरीला आहे, मे महिन्यात सुट्टीवर येतोय. तिथं निन्टेंडो स्विच २ बराच स्वस्त मिळतो म्हणे. आणायला सांगू का? मुलगा नऊ वर्षांचा, टीव्ही ४३ इंची, नेट फायबरचं. — एक वाचक, चिंचवड

स्वस्त मिळतो तो कुठला, ते आधी भावाला डब्यावर वाचायला लावा. जपानात स्विच २ दोन तऱ्हेचा विकतात. २०२५ मध्ये आले तेव्हा एक ४९,९८० येनचा होता. त्यात भाषा फक्त जपानी आणि खातंही जपानचंच लागतं. दुसरा ६९,९८० येनचा, सगळ्या भाषांचा. तेव्हाचा मधला फरक आपल्या पैशात अकरा-बारा हजार होता. तो वाचवायला गेलात तर पोरगं सेटिंगमध्ये जपानी कांजी लिपी बघत बसेल आणि तुम्ही रोज रात्री भावाला व्हिडिओ कॉल लावाल. दुसराच आणायला सांगा.

आता मुळात घ्यावा का? नऊ वर्षांच्या मुलासाठी माझं उत्तर हो आहे, आणि ते खेळांमुळे. 'मारिओ कार्ट वर्ल्ड'मध्ये चोवीस गाड्या एकदम पळतात. त्यातला 'नॉकआउट टूर' हा प्रकार, म्हणजे प्रत्येक टप्प्यावर मागचे चार जण बाद, इतका झकास आहे की पाहुणे जेवायचे विसरतात. याच गेमचं मोकळं जग मात्र मला रिकामं वाटलं. गाडी घेऊन हिंडायला मोकळीक आहे, करायला फारसं काही नाही. जुलै २०२५ मध्ये आलेला 'डाँकी काँग बनान्झा' त्याहून जास्त आवडला. डोंगर, भिंत, जमीन, जे दिसेल ते ठोसे मारून फोडायचं. डोंगराच्या पोटात शिरून खणायला लागलं की कॅमेरा गोंधळतो, पण नऊ वर्षांच्या पोराला त्याचं काही वाटत नाही.

हे यंत्र टीव्हीला जोडूनही चालतं आणि हातात धरूनही. त्याच्या खोडीही ऐका. बॅटरी कंपनीच्याच सांगण्यानुसार दोन ते साडेसहा तास. जड गेम लावला तर दोनच्याच जवळ धरा, म्हणजे चिंचवडहून निघालेली गाडी साताऱ्याला पोचेपर्यंत खेळ संपला. पडदा ७.९ इंचाचा, मोठा आणि सुरेख, पण एलसीडी. जुन्या स्विचच्या २०२१ च्या मॉडेलमध्ये ओलेड पडदा होता, त्यातला गडद काळा रंग इथं नाही. आत २५६ जीबी जागा आहे आणि ती वाढवायला मायक्रोएसडी एक्स्प्रेस कार्डच लागतं. तुमच्या जुन्या फोनातलं कार्ड त्यात गेम साठवायला चालणार नाही.

अजून एक. काही गेमच्या डब्यात आता 'गेम-की कार्ड' येतं. कार्डात गेम नसतोच, नुसती किल्ली असते. गेम सगळा नेटवरून उतरवायचा आणि खेळताना कार्डही घालून ठेवायचं. हे मला अजिबात पटलेलं नाही. डब्याच्या पुढच्या बाजूला तशी पट्टी छापलेली असते, भावाला ती बघायला सांगा.

शेवटचं म्हणजे निन्टेंडो भारतात अधिकृतपणे विकत नाही, त्यांचं ई-शॉप हे ऑनलाइन दुकानही भारतासाठी नाही. दुसऱ्या देशाचं खातं उघडावं लागेल, आणि यंत्र बिघडलं तर वॉरंटी जिथून आणलं तिथली.

मुलीला (इयत्ता सातवी) प्लेस्टेशन ५ हवाय. दुकानदार म्हणतात बिनडिस्कचा घ्या, स्वस्त पडतो, हल्ली डिस्क कोण वापरतं. आमच्याकडे लाइट जाते, नेट बरं आहे. — एक आई, सातारा

डिस्क मी वापरते, आणि तुमच्या मुलीच्या मैत्रिणीही वापरतील. प्लेस्टेशनवाल्या सोनीचा नवा मोठा गेम आपल्याकडे पाच हजारांच्या घरात जातो. डिस्क असेल तर पूर्ण झाल्यावर विकता येते, मैत्रिणीशी अदलाबदल करता येते, मुंबईत लॅमिंग्टन रोडला निम्म्या भावात जुनी मिळते. बिनडिस्कच्या यंत्राला दुकान एकच, ते म्हणजे त्याच्या आतलं. तिथं सेल लागला तर ठीक, नाहीतर ते सांगतील तो भाव. यंत्र घेताना वाचलेले हजार तीन-चार गेममध्ये निघून जातात. नव्या बारीक मॉडेलला डिस्क ड्राइव्ह नंतरही जोडता येतो, पण तो सुटा भाग साताऱ्यात सहज मिळेल असं धरून चालू नका.

लाइटचं म्हणाल तर छोटा यूपीएस घ्याच. गेम सेव्ह होत असताना वीज गेली तर सेव्ह फाइल खराब होऊ शकते, आणि सातवीतल्या मुलीचं महिन्याभराचं काम गेलं तर घरात काय होईल ते तुम्हाला जास्त माहीत.

ऑनलाइन इतरांशी खेळायला बहुतेक विकतच्या गेमना प्लेस्टेशन प्लसची वर्गणी लागते. फोर्टनाइटसारख्या फुकट गेमना लागत नाही. दुकानदार हे सांगत नाहीत.

दुकानदाराने 'प्रो' या जास्त ताकदीच्या पीएस ५ चं नाव काढलं तर हसून सोडून द्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो जगात आला तेव्हा सोनीने भारताला वगळलं होतं. कारण वाय-फाय ७ चा ६ गिगाहर्ट्झ पट्टा, ज्याला इथं तेव्हा परवानगी नव्हती. बाहेरून आणलेला कुणी देऊ केला तरी सातवीसाठी साधा पीएस ५ भरपूर झाला.

मी निवृत्त शिक्षिका, वय ६४. नातवंडं सुट्टीत येतात आणि आपापल्या फोनात डोकं घालतात. मुलाने प्लेस्टेशन ५ इथंच ठेवलाय. त्यांच्याबरोबर मलाही खेळता येईल असं काही? बंदुका नकोत. — एक आजी, रत्नागिरी

आजी, या महिन्याचं सगळ्यात आवडलेलं पत्र तुमचं.

आधी एकट्याने हात बसवा. त्यासाठी 'ॲस्ट्रो बॉट'. २०२४ चा 'गेम अवॉर्ड्स'मधला वर्षातला सर्वोत्तम गेम. छोटासा यंत्रमानव, त्याने उड्या मारायच्या आणि हरवलेले सोबती शोधायचे. वाचायला जवळजवळ काही नाही. यातली मजा हातात आहे. वाळूवरून चालला की कंट्रोलर वेगळा थरथरतो, काचेवरून चालला की वेगळा. ट्रिगर (कंट्रोलरच्या मागचं बटण) दाबताना बोटाला खरोखर जोर लागतो. मुख्य गोष्ट नवख्या माणसाला जमते. जास्तीचे काही टप्पे मात्र महाकठीण आहेत. ते नातवाला द्या, आणि तो चिडला की चहा करायला आत जा. मोठी उणीव म्हणजे हा एकट्याचाच खेळ आहे. दोन कंट्रोलर असून उपयोग नाही.

हात बसला की 'इट टेक्स टू'. स्टॉकहोमच्या हेझलाइट स्टुडिओचा, २०२१ चा. हा एकट्याला खेळताच येत नाही. पडदा दोन भागांत, एकाने खिळा फेकायचा, दुसऱ्याने हातोडीने त्याला लटकायचं. तुम्ही चुकलात तर नातू थांबतो, तो चुकला तर तुम्ही. बोलल्याशिवाय पुढे सरकताच येत नाही, तुम्हाला हेच हवंय. गोष्ट घटस्फोटाला निघालेल्या आईबापाची आहे, आणि ते दोघं एका हत्तीच्या खेळण्याशी जे वागतात तो प्रसंग लहान पोरांना रडवतो. आधी मुलाला विचारून ठेवा. त्याच स्टुडिओचा मार्च २०२५ चा 'स्प्लिट फिक्शन' कल्पनेत आणखी श्रीमंत आहे, पण बोटं फार चपळ लागतात. तो पुढच्या मे महिन्यात.

नवा गेम आला की पहिल्याच दिवशी घेतो. बायको म्हणते मूर्खपणा आहे. तुम्ही कुणाच्या बाजूने? — एक वाचक, ठाणे

वहिनींच्या.

'सायबरपंक २०७७' आठवतो? १० डिसेंबर २०२० ला आला. जुन्या प्लेस्टेशन ४ वर चेहरे नीट दिसायला वेळ लागायचा, गेम धाडकन बंद पडायचा. आठवडाभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला आणि पैसे परत देऊ केले. तो परत आला जून २०२१ मध्ये. मग सप्टेंबर २०२३ मध्ये २.० हा अपडेट आणि 'फँटम लिबर्टी' हा जोडभाग आला, आणि आज तो खरंच उत्तम गेम आहे. इतका की जून २०२५ मध्ये स्विच २ सोबत आला तेव्हा हातातल्या यंत्रावरही व्यवस्थित चालला, आणि अख्खा गेम कार्डात होता, नुसती किल्ली नाही. पहिल्या दिवशी पूर्ण पैसे मोजणाऱ्याला सगळ्यात वाईट आवृत्ती मिळाली आणि तीन वर्षं थांबलेल्याला सगळ्यात चांगली, तीही सेलमध्ये.

'मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स' बघा. फेब्रुवारी २०२५ अखेरीस आला, तीन दिवसांत ८० लाख प्रती खपल्या. शिकार जबरदस्त, प्राणी जबरदस्त. पण कंप्युटरवर तो इतका अडखळत चालायचा की पुढे स्टीम या कंप्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात शिव्यांचा पाऊस पडला. खप आणि तब्येत यांचा संबंध नसतो. सोनीचा 'कॉन्कॉर्ड' तर २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. पैसे परत मिळाले, पण डिस्क आता चहाच्या कपाखाली ठेवायच्या.

अपवाद आहेत, तेही सांगते. सप्टेंबर २०२५ चा 'हॉलो नाइट: सिल्कसाँग'. ऑस्ट्रेलियातली मूठभर माणसं, किंमत अमेरिकेत वीस डॉलर, पहिल्या दिवसापासून धडधाकट. (अवघड मात्र इतका, की माझ्याकडचा एक पोरगा कंट्रोलर सोफ्यावर आपटून घरी गेला.) एप्रिल २०२५ चा 'क्लेअर ऑब्स्क्युर: एक्स्पिडिशन ३३', फ्रान्समधल्या माँपेल्येचा. आळीपाळीने वार करायच्या जुन्या पद्धतीत त्यांनी नेमक्या क्षणी वार चुकवायची गंमत घातली. मेनू किचकट, नकाशाअभावी माणूस त्याच त्याच वाटेत फिरतो, तरीही पूर्ण किमतीला घेतला आणि वसूल झाला.

माझा नियम असा: लहान संघ, बेताची किंमत, एकट्याने खेळायचा गेम असेल तर लगेच. मोठी कंपनी आणि अवाढव्य जग असेल तर तीन महिन्यांनी.

जीटीए ६ कधी? — नांदेड, सांगली, अकोला, आणि इतर पुष्कळ

'ग्रँड थेफ्ट ऑटो ६'ची जाहीर तारीख आधी २०२५, मग २६ मे २०२६, आता १९ नोव्हेंबर २०२६. कंप्युटरसाठी घोषणा नाही. पुढचा.

सेकंड हँड एक्सबॉक्स सीरीज एस स्वस्तात मिळतोय. गेम पास घेतला की शेकडो गेम फुकट, असा हिशेब आहे. बरोबर? — एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

दोन वर्षांपूर्वी मी डोळे झाकून हो म्हटलं असतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये गेम पास अल्टिमेट, म्हणजे सगळ्यात वरची वर्गणी, ८२९ वरून १,३८९ रुपये महिना झाला. त्या दराने वर्षाचे साडेसोळा हजार. 'फुकट' हा शब्द तेवढा खोडा. खालच्या वर्गणीत मोठे गेम पहिल्या दिवशी मिळत नाहीत, पण वरच्या उत्तरानंतर तुला त्याचं दुःख नसावं.

यंत्र लहान, शांत, वसतिगृहाच्या टेबलावर मावणारं. मेमरी १० जीबीच, आणि ती आता कमी पडते. 'बाल्डर्स गेट ३' एक्सबॉक्सवर डिसेंबर २०२३ मध्ये आला तेव्हा एकाच पडद्यावर दोघांनी खेळायची सोय सीरीज एससाठी सोडून द्यावी लागली होती. डिस्क नाहीच, म्हणजे वापरलेले गेम स्वस्तात विकत घ्यायची वाट बंद. घेणार असशील तर विकणाऱ्याच्या घरी जाऊन तासभर खेळ, आणि त्याचं खातं काढून टाकलंय ना ते बघ.

आपल्या पुण्यातला 'राजी' तुम्ही कधी का सुचवत नाही? — एक वाचक, पुणे

आज सुचवते. नॉडिंग हेड्स गेम्सचा, २०२० चा. सर्कशीतली मुलगी, असुरांनी पळवलेला भाऊ, पाठीशी दुर्गा. बाहुल्यांच्या सावल्यांतून सांगितलेली पुराणकथा आणि राजस्थानी वास्तूंची रंगसंगती बघून पार्लरमधली पोरं गप्प झाली होती. मारामारी मात्र लवकर एकसुरी होते, आणि चार-पाच तासांत गोष्ट अशी अर्ध्यावर तुटते की चिडायला होतं. पुण्याचा आहे म्हणून मार्क वाढवणार नाही. सेलमध्ये घ्या, एका रविवारी संपवा.

कंट्रोलर न धरताही गेममधला माणूस डावीकडे चालतो. नवा घेऊ? — एक वाचक, कोल्हापूर

कंट्रोलरवरच्या, अंगठ्याने हलवायच्या स्टिकच्या आत घासून चालणारे बारीक भाग असतात, ते झिजले की असं होतं. आधी गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन 'डेड झोन' (स्टिक हलली तरी दखल न घेतला जाणारा मधला भाग) वाढवा, बरेच महिने निघतात. मग स्टिकच्या बुडाशी कॉन्टॅक्ट क्लीनर (इलेक्ट्रॉनिक भाग साफ करायचा फवारा), थोडाच, आणि वाळू द्या. तरीही नाही जमलं तर मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून सोल्डर करून नवी स्टिक बसवून घ्या. चुंबकावर चालणारी 'हॉल इफेक्ट' मिळाली तर तीच सांगा, ती अशी घासून झिजत नाही. आणि चिप्स खाऊन हात धुवा.