आवाज तोच, मोटर जुनीच, आणि गाडी गॅरेजवाल्याच्या ताब्यात

प्रश्न : मी नेरूळला राहते. गाडी सहा वर्षांची, वॉरंटी संपलेली. जुलैत ड्रायव्हरच्या बाजूची काच कर्रकर्र वाजायला लागली आणि एक दिवस अर्ध्यावरच अडकली. कळंबोलीच्या एका गॅरेजने "मोटर आणि रेग्युलेटर (काच वरखाली नेणारी यंत्रणा) दोन्ही गेलेत" म्हणून ८,४०० रुपये यूपीआयने घेतले. बिल दिलं नाही. बाराव्या दिवशी पुन्हा तोच आवाज, शिवाय पावसात दाराच्या आतून पाणी येऊन पायाखालचं मॅटिंग ओलं. त्यानंतर ओळखीच्या मेकॅनिकने दाराचं पॅड काढून पाहिलं, तर मोटर जुनीच वाटते म्हणाला. गाडी परत त्याच गॅरेजला दिली. आता आणखी १,८०० दिल्याशिवाय सोडत नाहीत. "इलेक्ट्रिकच्या मालाला गॅरंटी नसते" एवढंच उत्तर. पोलिसांत जाऊ का?

उत्तर : ताई, पोलिसांचं नंतर बघू. आधी गाडी सोडवा. आणि घरी आणल्यावर त्या दाराला कुणाचाही हात लागू देऊ नका, ओळखीच्या मेकॅनिकचाही नाही. तुमचा बहुतेक पुरावा त्या पॅडच्या मागे आहे.

गाडी अडवण्याचा हक्क गॅरेजवाल्याला अजिबात नाही, असं मात्र समजू नका. करार कायदा, १८७२ च्या कलम १७० प्रमाणे वस्तूवर मेहनत किंवा कसब खर्च करणाऱ्याला त्याचा देय मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेता येते. कायद्यातच हिऱ्याला पैलू पाडणाऱ्या जवाहिऱ्याचं उदाहरण दिलंय. त्याच्या खालीच शिंपी आहे : कोट शिवून होताच देईन, पैसे तीन महिन्यांनी चालतील, असं कबूल केलेल्या शिंप्याला कोट अडवता येत नाही. म्हणजे सगळं अडतं ते 'देय' या शब्दावर. आपलीच बिघडलेली दुरुस्ती पुन्हा करण्याचे पैसे देय कसे, हा तुमचा मुद्दा चांगला आहे, पण गॅरेजच्या शटरपाशी उभं राहून तो सुटायचा नाही. १,८०० देऊन टाका. फक्त पैसे पाठवण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर हे लिहा :

"तुम्ही आधी केलेलं काम सदोष होतं. तेच पुन्हा करण्याचे १,८०० रुपये मी देणं लागत नाही. केवळ गाडी सोडवण्यासाठी, हरकत नोंदवून देत आहे. दोन्ही वेळचं बिल आणि काढलेले जुने पार्ट द्यावेत."

जुन्या पार्टची ओळ गाळू नका. मोटर खरंच बदलली असेल, तर जुनी मोटर कुठेतरी असायला हवी. "भंगारात गेली" म्हणाले तर तेही लेखी येऊ द्या.

आता काचेचं. मी मेकॅनिक नाही, वकील आहे, पण उलटतपासणीपुरतं शिकावं लागतं. बटण दाबल्यावर मोटर फिरल्याचा आवाज येतो आणि काच हलत नाही, तेव्हा बहुधा रेग्युलेटरची केबल तुटलेली असते किंवा काच धरणारा प्लॅस्टिकचा तुकडा फुटलेला असतो. काहीच आवाज नसेल तर फ्यूज, स्विच, नाहीतर दार आणि बॉडीच्या मधल्या रबरी नळीतली वायर. दार उघडझाक करून ती तिथेच तुटते. काच रखडत, चिरकत चढत असेल तर ती ज्यातून सरकते त्या चॅनेलचं रबर सुकलेलं असू शकतं, तिथे कधीकधी सिलिकॉन स्प्रेवर भागतं. मोटर खरोखर गेली का, हे बघायला तिच्या कनेक्टरला टेस्ट लॅम्प लावतात. बटण दाबल्यावर दिवा नीट पेटला आणि मोटर तरी ढिम्म, तर दोष मोटरचा. ही दोन मिनिटांची तपासणी तुमच्यासमोर झाली होती का? आणि काच अडकली तेव्हा आतून मोटरचा आवाज येत होता का? पत्रात दोन्ही नाही. आजच आठवून लिहून ठेवा, कारण मोटर फिरत असेल तर ती बदलायची कशाला, हाच आपला पहिला प्रश्न राहील.

पाण्याचा मुद्दा मला मोटरपेक्षा पक्का वाटतो. पाऊस काचेच्या कडेने दारात उतरतोच आणि खालच्या भोकांतून बाहेर जातो. ते पाणी आत येऊ नये म्हणून पॅडच्या मागे प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो. तो फाडून तसाच सोडला की मॅटिंग भिजणारच. समोरचा म्हणेल, कागद तुमच्या मेकॅनिकने फाडला. म्हणून मॅटिंग आधी भिजलं आणि पॅड नंतर निघालं, हे दाखवणारे फोटो किंवा मेसेज शोधा.

दार उघडायचं ते रीतसर. गॅरेजला स्पीड पोस्टने कळवा : अमुक दिवशी, अमुक ठिकाणी दार उघडणार, हजर राहायचं तर राहा. आठवडाभराची मुदत द्या. शक्यतो कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला उघडा, जॉब कार्डवर निष्कर्ष लिहून घ्या. व्हिडिओ नंबर प्लेटपासून मोटरवरच्या लेबलपर्यंत सलग, मध्ये कुठेही न थांबवता. पोलिसांचा विचार तेव्हा करू. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक म्हणायची तर सुरुवातीपासून लबाडीचा हेतू दाखवावा लागतो, आणि "जुनीच वाटते" यातल्या 'वाटते'वर गुन्हा उभा राहत नाही.

तुमची खरी जागा ग्राहक आयोग. गॅरंटी नसल्याने काही बिघडत नाही : ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(११) मधल्या सेवेतल्या त्रुटीत निष्काळजीपणा येतो, जाणूनबुजून माहिती दडवणंही येतं. बिल न देणं ही कलम २(४७) नुसार अनुचित व्यापारी प्रथा. मुदत दोन वर्षं. कामापोटी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि वकील लागतोच असंही नाही (हे लिहून मी माझंच नुकसान करतोय). आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पाहा.

एक गोष्ट तुमच्या सोयीची झालीय. कळंबोली रायगड जिल्ह्यात, नेरूळ ठाण्यात. कलम ३४ मुळे आता तक्रारदार राहतो तिथेही दावा चालतो, त्यामुळे अलिबागची वारी नाही. ठाणे जिल्ह्याचा अतिरिक्त आयोग बेलापूरला कोकण भवनात आहे.

मागणी माफक ठेवा : दोन्ही वेळचे मिळून १०,२०० रुपये, नव्या दुरुस्तीचा आणि मॅटिंगचा खर्च, त्रासापोटी थोडी रक्कम. आठ हजारांच्या कामावर दोन लाखांचा मनस्ताप मागितला की बाकीचा अर्जही हलका वाटतो. चॅट आणि व्हिडिओसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडा, आणि तो फोन एक्स्चेंजमध्ये देऊ नका. निकालासाठी कायद्यात तीन महिने लिहिलेत. प्रत्यक्षात जास्त धरून चाला. नोटीस गेल्यावर गॅरेजवाल्याचा फोन आला आणि पैसे परत द्यायला तयार झाला, तर लेखी घेऊन मिटवा.

तोवर काच वर असेल तर वरच राहू द्या, गाडी छपराखाली लावा, आणि पार्किंगची पावती दार उघडून घ्या.