ती वाकडी रेघ

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तू तांब्याच्या प्लेटवरून कागदावर छापलेला शंखाचा ठसा तीन दिवस टेबलावर समोरच आहे. ओठाच्या, म्हणजे शंखाच्या तोंडाच्या, कडेला तांबं कोरंच ठेवून चमक आणलीस, ते फार आवडलं. पण शंख डावा झालाय. टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरलं, की बहुतेक शंखांचं तोंड उजव्या हाताला येतं. तू प्लेटवर दिसला तसा काढलास आणि छापताना तो उलटला.

खट्टू होऊ नकोस. डच चित्रकार रेम्ब्रांटने १६५० साली कोनस मार्मोरियस या शंखाचं एचिंग केलं, म्हणजे तुझ्यासारखंच प्लेटवरच्या मेणाच्या थरात रेषा ओढून त्या आम्लाने खोदून छापलं, त्यातही हेच झालंय. गंमत म्हणजे सही मात्र त्याने प्लेटवर उलटी लिहिली, म्हणून ठशात ती सुलट वाचता येते! त्याला चालून गेलं. काळोखातून उजळणारी एक देखणी वस्तू त्याला हवी होती. तू खाली जातीचं नाव लिहिलंयस, तेव्हा तुला ती सूट नाही. शंख आरशासमोर ठेव आणि आरशातलं बघून काढ, झालं.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. सोबतच्या फोटोत, तोंडापासून अर्धा वेढा मागे, एक वाढरेषा (शंख वाढताना त्याच्यावर उमटते ती रेघ) दातेरी, वेडीवाकडी दिसते. तिच्यानंतर पट्ट्यांची नक्षीही जराशी सरकलीय. ठशात तू ती रेघ सरळ केलीस. अरे, शंख फक्त ओठाच्या कडेशी वाढतो. ती रेघ कधीतरी त्याचा ओठच होती. तो फुटला, बहुधा खेकड्याने फोडला, आणि आतल्या जिवाने तिथूनच पुन्हा बांधायला घेतलं. उलटा ठसा आरशात धरला की सुलट दिसेल, पण ही रेघ त्यात कुठून आणशील?

सतराव्या शतकातला इंग्रज निसर्ग-अभ्यासक मार्टिन लिस्टर याच्या मुली, सुझाना आणि ॲना, वडिलांच्या शंखांवरच्या ग्रंथासाठी पंधराच्या आसपास वयात प्लेटा करू लागल्या. १६८५ ते १६९२ मध्ये तो छापला गेला. हजारावर प्लेटा झाल्या. त्यातल्या थोड्या जरी भिंगाखाली पाहिल्यास तरी हात आपोआप सावकाश होईल.

नव्या प्लेटवर बारीक वाढरेषा आम्लातून लवकर काढून वॉर्निशने झाक. वेढ्यांमधली खाच आणि ती जखम मात्र आणखी खोल खाऊ दे. खिडक्या उघड्या ठेव, वाफ वाईट असते.

आम्लात घालण्याआधी मेणावरच्या रेषांचा फोटो पाठव. शंखही सोबत ठेवून काढ, मला ती रेघ जुळवून बघायचीय.