वॉल्टर हंट यांनी सेफ्टी पिनचं पेटंट ४०० डॉलरला का विकलं?

तुमचा प्रश्न असा आहे: सेफ्टी पिनसारखी घराघरात लागणारी वस्तू शोधून काढणाऱ्या माणसाने तिचं पेटंट फक्त ४०० डॉलरला विकलं; इतका हुशार माणूस व्यवहारात इतका कच्चा कसा?

व्यवहारात कच्चा हा शिक्का मला मान्य नाही. मी पेटंटचे मसुदे लिहिण्याचं काम करते. एकटा संशोधक, डोक्यात दहा कल्पना आणि खिशात पैसे नाहीत, अशी माणसं आमच्याकडे येत असतात. म्हणून हंट यांची गोष्ट 'बिचारा मूर्ख' अशी सांगितली जाते तेव्हा मनापासून वाईट वाटतं.

आधी हिशोब बघू. हे पेटंट १० एप्रिल १८४९चं, अमेरिकेचं, क्रमांक ६,२८१. त्यात वस्तूचं नाव 'ड्रेस पिन' असं आहे. त्या काळी तिथे पेटंटची मुदत १४ वर्षं असे, म्हणजे १८६३ मध्ये ते संपणारच होतं. आज आपण ज्या कोट्यवधी पिनांचा हिशोब मांडून हळहळतो, त्या जवळपास सगळ्या मुदत संपल्यानंतरच्या. त्यांच्यावर हंट यांना एक पैसाही मिळाला नसता, पेटंट जवळ ठेवलं असतं तरी. शिवाय १८४९ साली अमेरिकेत साध्या मजुराला दिवसाला एक डॉलरच्या आसपास मिळत असे. म्हणजे ४०० डॉलर ही वर्षभराची मजुरी झाली. ही रक्कम फार मोठी नव्हती, पण आजच्या डोळ्यांना वाटते तितकी फुटकळही नव्हती.

गोष्ट अशी सांगतात की हंट यांच्यावर एका ड्राफ्ट्समनचं, म्हणजे पेटंटच्या आकृत्या काढून देणाऱ्याचं, १५ डॉलरचं देणं होतं. ते फेडण्याच्या विवंचनेत तार वाकवता वाकवता तीनेक तासांत पिन तयार झाली. तासांचा आकडा मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण आकृत्या काढणाऱ्याचं देणं असणं मला अगदी खरं वाटतं. पेटंटच्या धंद्यात आजही सगळ्यात आधी थकतात ती हीच बिलं.

इंटरनेटवर आणखी एक गोष्ट फिरते, की हे पेटंट डब्ल्यू. आर. ग्रेस अँड कंपनीने विकत घेतलं. हे चूक आहे. ती कंपनी १८५४ मध्ये पेरू देशात सुरू झाली, म्हणजे पेटंटनंतर पाच वर्षांनी. पेटंटच्या पहिल्याच ओळीत खरे हक्कदार छापलेले आहेत: विल्यम आणि जॉन रिचर्डसन. हंट यांनी पेटंट मंजूर होण्याआधीच हक्क त्यांच्या नावे करून दिले होते. इतकी साधी नोंद कुणी उघडून पाहत नाही आणि चुकीचं नाव एकाकडून दुसऱ्याकडे जात राहतं, याचा मला फार त्रास होतो.

आता त्या पिनेत नवीन काय होतं ते सांगते. कपडा अडकवायला स्प्रिंगचा काटा रोमन लोकही वापरत. हंट यांनी आपल्या अर्जातही 'सुधारणा' असाच शब्द वापरला. त्यांचा क्लेम, म्हणजे पेटंटमध्ये नेमक्या कशावर हक्क मागितला ते कलम, असा की सगळी पिन एकाच तारेची: एका टोकाला तारेचा वेढा, जो स्प्रिंगचं काम करतो, आणि दुसऱ्या टोकाला अडकण, ज्यात टोक स्प्रिंगच्याच जोराने अडकून राहतं. बिजागरी नाही, त्यामुळे मोडायला किंवा झिजून सैल व्हायला काही नाही. बोटाला टोचणार नाही हेही त्यांनी लिहून ठेवलं आहे. वेढा गोल, लंबगोल, चपटा अशा वेगवेगळ्या आकृत्या जोडल्या आहेत, म्हणजे कुणी आकार बदलून पळवाट काढू नये. मसुदा लिहिणारी म्हणून सांगते, इतक्या लहान वस्तूचा इतका नेमका क्लेम लिहिणं सोपं नाही. आपल्याकडे आई-मावश्या बांगडीत, मंगळसूत्रात दोन-चार पिना अडकवून ठेवतात त्या आजही मुळात त्याच रचनेच्या आहेत. पावणेदोनशे वर्षांत तिच्यात सुधारायला फारसं काही सापडलेलं नाही.

हंट हे न्यूयॉर्क राज्यातल्या लुईस काउंटीतले, जन्म १७९६चा. त्यांचं पहिलं पेटंट १८२६चं, अंबाडीचं सूत काढणाऱ्या यंत्राचं. त्यासाठी भांडवल मिळवायला ते न्यूयॉर्क शहरात आले. तिथे एक लहान मूल घोडागाडीखाली सापडल्याचं त्यांच्या पाहण्यात आलं. गाडीवानाचे दोन्ही हात लगामात गुंतलेले असतात, मग इशारा देणार कशाने? हंट यांनी पायाने वाजवायची घंटा केली आणि १८२७ मध्ये तिचं पेटंट घेतलं. हक्क अर्थातच विकले. मला त्यांच्या सगळ्या कामात ही घंटा सगळ्यात जास्त आवडते. यंत्र म्हणून ती किरकोळ आहे, पण हात अडकलेले आहेत आणि पाय मोकळा आहे हे आधी दिसायला लागतं.

पुढे सुऱ्यांना धार लावायचं साधन, कोळशाची शेगडी, खिळे बनवायचं यंत्र, दौत, शाईचं पेन, बाटलीचं बूच, कागदी कॉलर, असं बरंच काही. सर्कशीतल्या कलाकारांना छतावर उलटं चालता यावं म्हणून बुटांची रचनासुद्धा. बंदुकीतही हात घातला. त्यांच्या १८४९च्या रायफलची कल्पना पुढे हाताहातांतून सुधारत विंचेस्टर रायफलपर्यंत गेली.

पण तुम्हाला हळहळायचंच असेल तर पिनेसाठी नको, शिलाई यंत्रासाठी हळहळा. १८३३-३४च्या सुमाराला हंट यांनी न्यूयॉर्कमध्ये टोकाला नाक असलेली वाकडी सुई आणि दुसरा दोरा वाहून नेणारा धोटा, अशी जोडी जमवली. वरचा दोरा खालच्या दोऱ्यात अडकून पक्का टाका बसतो, तो हाच. आजही घरातल्या शिलाई मशीनचा टाका असाच पडतो. त्यांचं यंत्र फक्त सरळ शिवण घाले आणि थोडं शिवून झालं की कापड पुन्हा लावावं लागे, म्हणजे ते अपुरं होतं. पण मूळ युक्ती त्यात पूर्ण होती.

याचं पेटंट घेतलं गेलं नाही. लोकप्रिय कारण असं की हंट यांच्या मुलीने, कॅरोलाइनने, अशा यंत्राने गरीब शिवणकाम करणाऱ्या बायकांचं पोट जाईल म्हणून विरोध केला. ती साक्ष पुढे नोंदली गेली आहे आणि मला त्यात खोटं काही दिसत नाही. हाताने शिवून पोट भरणाऱ्या बायकांची अवस्था त्या शहरात आधीच वाईट होती. पण तिचा सल्ला १८३८चा, आणि त्याच्या कितीतरी आधी यंत्राचे हक्क जॉर्ज अॅरोस्मिथ या गृहस्थांकडे गेले होते. पेटंट का घेतलं नाही याची कारणं अॅरोस्मिथ यांनीही सांगितली: दुसरे उद्योग होते, पेटंटला खर्च होता, आणि यंत्र बाजारात उतरवायला दोन-तीन हजार डॉलर लागले असते. पैसेवाल्या माणसालाही तो धोका पत्करावासा वाटला नाही, ही बाजू कुणी सांगत नाही. सगळा दोष एकट्या हंट यांच्या भोळेपणावर टाकणं सोपं असतं.

१८४६ मध्ये इलायस हाउ या दुसऱ्या अमेरिकन संशोधकाने तसल्याच सुई-धोट्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि पुढे यंत्र बनवणाऱ्यांकडे रॉयल्टी मागायला सुरुवात केली. शिलाई यंत्रं बनवणाऱ्या आयझॅक सिंगर यांच्याशी हाउ यांचा झगडा पेटला तेव्हा सिंगरच्या बाजूने हंट यांना आणि त्यांच्या जुन्या यंत्राच्या अवशेषांना शोधून काढलं. १८५३ मध्ये हंट यांनी त्या यंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला. १८५४ मध्ये पेटंट कमिशनर चार्ल्स मेसन यांनी निकाल दिला: शोध आधी हंट यांचाच, पण इतकी वर्षं त्यांनी तो सोडून दिला, म्हणून हक्क हाउ यांचा. हाउ त्या रॉयल्टीवर गडगंज झाले. सिंगर यांनी १८५८ मध्ये हंट यांना ५०,००० डॉलर हप्त्यांनी द्यायचं कबूल केलं, पण ते हाती पडायच्या आतच, ८ जून १८५९ रोजी, हंट वारले.

मला तो निकाल कायद्याने बरोबर वाटतो आणि तरी बोचतो. पेटंट म्हणजे बक्षीस नव्हे, तो सौदा आहे: तुम्ही शोध लोकांसमोर उघडा करा, सरकार तुम्हाला ठरावीक काळ मक्तेदारी देईल. जो वीस वर्षं गप्प बसला त्याने सौदा पाळला नाही, असं कायदा म्हणणारच. पण गप्प बसण्यामागे रिकामा खिसा असेल तर कायद्याला तो दिसत नाही. कारखाना काढायला भांडवल, नक्कल करणाऱ्याला कोर्टात खेचायला भांडवल, आणि तोवर घर चालवायलाही पैसा. यातलं काहीच जवळ नसलेल्या माणसाने हक्क आजच्या आज रोख विकून पुढच्या कल्पनेकडे वळणं यात मला काही वेडेपणा दिसत नाही. जवळ होतं त्यात तेवढंच शक्य होतं. सुचण्याची खोट त्यांना कधीच नव्हती, १८५४ मध्येच त्यांनी कागदी कॉलरचं पेटंट घेतलं. पातळ मलमलीवर दोन्ही बाजूंनी कागद चढवलेली ही कॉलर त्यांच्यामागे अमेरिकेत खूप खपली.

तेव्हा 'फक्त ४०० डॉलर' हे वाक्य कुठे वाचलंत तर त्यापुढे १८६३ हे साल लिहून बघा. आणि ६,२८१ हा क्रमांक टाकून मूळ पेटंट उघडा. ते फुकट बघता येतं, मजकूर अगदी थोडा आहे आणि आकृत्या फार सुरेख काढल्या आहेत.