शूटिंगचं कार्ड पोलिसांनी नेलं, कागद दिला नाही

ताई, तुम्ही लिहिलंय की रत्नागिरी जिल्ह्यात सड्यावर (कातळाच्या माळावर) गावकरी प्रकल्पाविरोधात धरणं धरून बसलेत, त्यांच्यावर तुम्ही डॉक्युमेंटरी करताय, परवा जमावबंदी मोडली म्हणून पोलिसांनी तुमचं मेमरी कार्ड आणि मोबाईल नेला, आणि आता बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम ३५(३) ची, म्हणजे पोलिसांसमोर हजर राहायची, नोटीस आलीये.

नोटिशीला हजर राहा. घाबरून मुंबईला निघून जाऊ नका. हजर राहणाऱ्याला अटक करायची तर पोलिसांना कारण लेखी नोंदवावं लागतं, आणि जमावबंदी मोडल्याच्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ ची दखल कोर्ट घेतं ते संबंधित अधिकाऱ्याच्या लेखी तक्रारीवरच.

आता कार्ड. ते साध्या पाकिटात टाकलं, ना सील ना सही, असं तुम्ही सहज एका ओळीत लिहून पुढे गेलात, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे, कारण उघड्या कार्डातून काय पुसलं आणि काय घातलं हे उद्या कोण सांगणार? १ जुलै २०२४ पासून जप्ती, वस्तूंची यादी, पंचांच्या सह्या, सगळ्याचं व्हिडिओ रेकॉर्डिंग करायचं असं बीएनएसएसचं कलम १०५ सांगतं, आणि १०६ प्रमाणे जप्तीचा रिपोर्ट मॅजिस्ट्रेटकडे लगेच जायला हवा. म्हणून तालुक्याच्या कोर्टात कलम ५०३ खाली मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज टाका, त्यातच पंचनाम्याची प्रत, ते रेकॉर्डिंग आणि कार्डची हॅश व्हॅल्यू मागा. हॅश व्हॅल्यू म्हणजे डेटाच्या अंगठ्याचा ठसाच, आतलं एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो.

मोबाईलचा पासवर्ड तोंडी मागितला तर लगेच सांगू नका, लेखी मागा म्हणावं, वकिलाला विचारून उत्तर देते म्हणावं. स्वतःविरुद्ध पुरावा द्यायची सक्ती नाही हे घटनेच्या २०(३) मध्ये आहे, पासवर्डला ते किती लागू होतं यावर कोर्टात वाद आहेत, पण मुद्दा सोडायचा नाही. कारण त्यात फक्त तुमचं काही नाहीये, सातबारा हातात धरून बोललेल्या त्या आजी आहेत, त्यांनी तुमच्यावर भरवसा ठेवलाय.

घरच्या हार्ड डिस्कमधलं मात्र काहीही डिलीट करू नका, पुरावा नष्ट केला म्हणून वेगळा गुन्हा लागेल.

खालच्या कोर्टात नाही झालं तर हायकोर्ट आहेच, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या केसेस कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात, त्यामुळे मुंबईच्या फेऱ्या वाचल्या.

आज रात्रीच बसून त्या दिवसाचं सगळं लिहून काढा, किती वाजले होते, कोण कोण होतं, पाकीट कसं होतं, कोणाच्या हातात गेलं. आठवड्याने विचारलं तर अर्धं आठवणार नाही.