सरखेल कान्होजी आंगरे : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मराठा आरमारावरील आमच्या लेखानंतर मराठवाड्यातून आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत. समुद्रापासून इतक्या दूरच्या गावांतून या विषयाबद्दल एवढ्या आस्थेने विचारणा व्हावी, याचा मनापासून आनंद वाटला.

प्रश्न : पुस्तकांत कान्होजींच्या लढायाच वाचायला मिळतात. लढाई नसेल त्या दिवशी आरमाराचा प्रमुख काय करीत असे? त्याचे सगळे आयुष्य गलबतावरच जात असे का? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, अंबाजोगाई)

उत्तर : शिडाच्या जहाजांच्या काळातील आरमारप्रमुखाचे बरेचसे आयुष्य जमिनीवरच जात असे आणि कान्होजींचे मोठेपण समजून घ्यायचे तर त्या जमिनीवरच्या कामाकडेच अधिक बारकाईने पाहायला हवे, असे माझे मत आहे. त्यांचा जन्म 1669 च्या सुमाराचा. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या सेवेत होते. 1698 मध्ये सिधोजी गुजर यांच्यानंतर सरखेली, म्हणजे आरमाराचे प्रमुखपद, कान्होजींकडे आली आणि 4 जुलै 1729 रोजी मृत्यू येईपर्यंत ती त्यांच्याकडेच राहिली. या तीस वर्षांत अलिबागचा कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, खांदेरी यांसारखे किल्ले हाच त्यांचा खरा आधार होता, कारण गलबताला गोडे पाणी, धान्य, दारूगोळा आणि वादळात आसरा किनाऱ्यावरूनच मिळतो. ज्याच्या हाती बंदर नाही, त्याचे आरमार फार दिवस तग धरू शकत नाही.

वर्षाचे वेळापत्रक वारा ठरवीत असे. तुमच्याकडे मृगाच्या पेरणीची लगबग सुरू होते, त्याच सुमारास कोकणात गलबते खाडीत आणून किनाऱ्यावर ओढली जात, कारण नैर्ऋत्येकडून येणाऱ्या मोसमी वाऱ्यासमोर आणि त्या उसळत्या समुद्रात शिडाचे जहाज निभावणे कठीण असते. पुढे नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद असला, तरी सरखेलाचे काम बंद नसे. तळाला चिकटलेले शेवाळ आणि शंखशिंपले खरवडायचे, किड्यांनी पोखरलेली फळी काढून तिच्या जागी सागाची नवी फळी बसवायची, दोन फळ्यांमधल्या फटींत तेल आणि राळेत भिजवलेला कापूस ठोकून भरायचा, काथ्याचे दोर तपासायचे, शिडे शिवून घ्यायची आणि या सगळ्यांत दारू कोरडी राहील याची काळजी घ्यायची. कोकणच्या पावसात हे शेवटचे काम किती अवघड असेल, याची कल्पना कोरड्या हवेत राहणाऱ्या माणसाला सहजी येणार नाही. वाघोटन खाडीत गिर्ये गावाजवळ आंगऱ्यांच्या गोदीचे अवशेष आजही आहेत. जहाज आत घेऊन त्याच्या तळाची डागडुजी करता यावी, यासाठी खडक खोदून ती केलेली होती.

याखेरीज कारभार होताच. तांडेल (नौकेवरील खलाशांचे नायक), खलाशी, गोलंदाज आणि किल्ल्यांवरील शिबंदी यांचे पगार वेळेवर व्हावे लागत. त्यासाठी मुलखाचा वसूल यावा लागे आणि तंटेही सोडवावे लागत. कान्होजींनी स्वतःचे चांदीचे नाणे पाडले होते आणि ते अलिबागी रुपया म्हणून चालत असे. त्यांच्या आरमारात कोळी, भंडारी आणि मुसलमान दर्यावर्दी एकत्र होते आणि तोफांच्या कामासाठी त्यांनी युरोपीय माणसेही पदरी ठेवली होती. इतक्या वेगवेगळ्या लोकांना एका शिस्तीत राबवणे हा एखाद्या लढाईपेक्षा लहान पराक्रम नव्हे.

प्रश्न : इंग्रज कान्होजींना समुद्री चाचा म्हणत. आपण त्यांना सरखेल म्हणतो. यात केवळ अभिमानाचा भाग किती आणि सत्य किती? (निवृत्त शिक्षक, परभणी)

उत्तर : आपला प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून अभिमान बाजूला ठेवून केवळ व्यवहार पाहू. किनाऱ्याने ये-जा करणाऱ्या व्यापारी जहाजाने सरखेलाचे दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावे, त्याची ठरलेली रक्कम भरावी आणि मग निर्धास्तपणे जावे. दस्तक नसेल तर जहाज पकडले जाईल, असा हा नियम होता. तो कान्होजींनी नव्याने काढलेला नव्हता. पोर्तुगीज याच समुद्रात त्यांच्या आधी दोन शतके हेच करीत आले होते. खरे भांडण निराळेच होते. इंग्रज कंपनी आपल्या जहाजांसाठी मराठ्यांचे दस्तक घेण्यास तयार नव्हती आणि देशी व्यापाऱ्यांचा मालही आपल्या निशाणाखाली, दस्तकाविना जावा असा तिचा आग्रह होता. तो मान्य केला असता, तर छत्रपतींच्या किनाऱ्यावर छत्रपतींच्याच अधिकाराला काही अर्थ उरला नसता. चाचा स्वतःसाठी लुटतो. कान्होजी राज्याने नेमलेले अधिकारी होते, त्यांचे किल्ले, मुलूख आणि वसूल जाहीर होते आणि त्यांच्याशी परकी सत्ता रीतसर तह करीत होत्या.

मात्र या व्यवहाराची कठोर बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. नोव्हेंबर 1712 मध्ये मुंबईचा गव्हर्नर एस्लाबी याचे सशस्त्र जहाज कान्होजींच्या आरमाराने पकडले. त्यावर कारवारच्या वखारीचा प्रमुख टॉमस चाऊन आपल्या तरुण पत्नीसह प्रवास करीत होता. चकमकीत चाऊन मारला गेला आणि त्याची पत्नी कैदेत पडली. पुढे 30,000 रुपये खंडणी घेऊन 1713 च्या फेब्रुवारीत तिला सोडण्यात आले. कैद्याला दंड घेऊन सोडण्याची पद्धत तेव्हा सगळ्याच सत्तांमध्ये रूढ होती, परंतु नवरा डोळ्यांदेखत गमावलेल्या त्या मुलीचे ते महिने कसे गेले असतील, हे मनात आणल्याशिवाय हा प्रसंग सांगू नये, असे मला वाटते. तरीही यावरून कान्होजींना चाचा ठरवायचे असेल, तर तोच शब्द त्या काळच्या प्रत्येक आरमाराला लावावा लागेल.

प्रश्न : मोठमोठ्या युरोपीय जहाजांपुढे आपल्या लहान नौका टिकत कशा? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नांदेड)

उत्तर : उघड्या समुद्रात, भर वाऱ्यात, समोरासमोर त्या टिकल्या नसत्या आणि कान्होजी तसा प्रसंग शक्यतो येऊ देत नसत. त्यांचा भर गुराब आणि गलबत या दोन प्रकारच्या नौकांवर होता. दोन डोलकाठ्यांची गुराब साधारण 150 टनांची, तीन डोलकाठ्यांची 300 टनांच्या आसपासची असे. तिचा तळ उथळ, मधला भाग रुंद आणि नाळ, म्हणजे पुढचे टोक, निमुळती होत गेलेली असे आणि तिच्या तोफांपैकी काही थेट पुढच्या दिशेला मारा करीत. गलबत त्याहून लहान, क्वचितच 70 टनांच्या वर जाणारे. पण त्याला चाळीस-पन्नास वल्ही असत.

सगळी मेख त्या वल्ह्यांत आहे. वारा पडला की मोठे जहाज जागच्या जागी खिळून राहते. अशा वेळी गलबते वल्ह्यांच्या जोरावर गुराबांना दोर बांधून ओढत नेत आणि शत्रूच्या पिछाडीला आणून उभे करीत. जहाजाच्या तोफा मुख्यतः दोन्ही बाजूंना असतात, मागे थोड्याच. त्यामुळे गुराबा तेथून निर्वेधपणे डोलकाठ्या आणि दोरखंड यांवर नेम धरीत. शिडे फाटून, काठ्या मोडून जहाज पांगळे झाले की गलबते चहूबाजूंनी भिडत आणि माणसे तलवार घेऊन वर चढत. रात्री जमिनीकडून वाहणाऱ्या मतलई वाऱ्यावर खाडीबाहेर पडायचे आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परत यायचे, ही किनाऱ्याची नित्याची समजही त्यांच्या उपयोगी पडे. डाव उलटलाच, तर उथळ तळाची नौका खाडीत शिरे आणि खोल तळाच्या जहाजाला तिच्यामागे येता येत नसे.

मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने मुंबईभोवती तट उभारला, लढाऊ जहाजे बांधून घेतली, 1717 मध्ये विजयदुर्गावर आणि 1718 मध्ये खांदेरीवर मोहीम काढली. दोन्ही फसल्या.

प्रश्न : आरमाराच्या या इतिहासाशी आमच्या मराठवाड्याचा काही संबंध पोहोचतो का? (शेतकरी वाचक, वैजापूर)

उत्तर : पोहोचतो, आणि अगदी आपल्या तालुक्यापर्यंत पोहोचतो. ज्या औरंगजेबाची कबर खुलताबादेत आहे, त्याच्या फौजा दख्खनमध्ये किल्ल्यामागून किल्ला घेण्यात गुंतल्या होत्या, त्याच वर्षांत कान्होजींनी किनारा सांभाळला. जंजिऱ्याचा सिद्दी हा मोगलांच्या बाजूचा समुद्रावरील हस्तक होता आणि त्याच्याशी त्यांचा झगडा सतत चालू राहिला. पुढे 1721 च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी एकत्र येऊन कुलाब्यावर चाल केली, तेव्हा शाहू महाराजांच्या वतीने बाजीराव पेशवे फौज घेऊन मदतीला आले, पोर्तुगीजांनी जानेवारी 1722 मध्ये वेगळा तह केला आणि इंग्रजांना हात हलवीत परतावे लागले. समुद्रातला किल्ला घोडदळामुळे वाचला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. त्याच बाजीरावांनी 1728 मध्ये वैजापूर तालुक्यातील पालखेडला निजामाला कोंडीत धरले आणि मुंगी-शेवगावच्या तहाने शाहू महाराजांचे हक्क मान्य करून घेतले. कान्होजी तेव्हा हयात होते. 1714 मध्ये बाळाजी विश्वनाथांनी कान्होजींना ताराबाईंच्या पक्षातून शाहू महाराजांकडे वळवले नसते, तर देशावरची फौज आणि किनाऱ्यावरचे आरमार एकमेकांच्या उपयोगी पडलेच नसते.

प्रश्न : शाळेची सहल अलिबागला न्यायची आहे. काय पाहावे? (मुख्याध्यापिका, लातूर)

उत्तर : गावातील कान्होजींची समाधी आधी पाहावी आणि मग कुलाबा किल्ला. खांदेरी बेट नावेने जाण्याइतके दूर आहे. तेथील दीपगृहाला आज कान्होजींचेच नाव आहे. कुलाब्यात गेल्यावर मुलांना तोफांपेक्षाही गोड्या पाण्याची सोय आवर्जून दाखवावी, कारण चहूकडे खारे पाणी असताना वेढ्यातील माणसे त्या पाण्यावरच तग धरीत. या किल्ल्यात ओहोटीच्या वेळी पायी जाता येते आणि भरतीत वाट बुडते, म्हणून सहल दिवाळीनंतर आखावी, त्या दिवसाची ओहोटीची वेळ स्थानिक लोकांकडून आधी विचारून घ्यावी आणि पाणी चढण्यापूर्वी सर्व मुलांना घेऊन किनाऱ्यावर परतावे.