पगार बंद होईल म्हणून सही नको

पुणे

प्रिय मुली,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तुमच्या मदत केंद्रावर आलेल्या, पगार जाईल या भीतीने वडिलांच्या जमिनीवरचा हक्क सोडायला निघालेल्या जनता वसाहतीतल्या ज्या बाईंबद्दल तू लिहिलंस, त्यांच्यासारख्या बाया मी येरवड्यात पाहिल्या, दांडेकर पुलाजवळ पाहिल्या. चार घरची धुणीभांडी, नवरा गेलेला, निराधार योजनेचे महिन्याला 1,500 रुपये, त्यालाच त्या पगार म्हणतात. वडील वारले की मुळशीहून भाऊ येतो, पिशवीतून स्टॅम्पपेपर काढतो आणि म्हणतो, "अक्का, सातबाऱ्याला नाव लागलं तर तुझा पगार बंद होईल. हक्कसोड करून टाक, तुझ्याच भल्याचं सांगतोय."

या वाक्याने किती बायांची जमीन गेली असेल, याचा विचार केला की मला अजून झोप येत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

संजय गांधी निराधार योजनेची मुख्य अट उत्पन्नाची आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असावं, दिव्यांगांसाठी ही मर्यादा 50,000 आहे. नाव लागलं म्हणून उत्पन्न वाढत नाही. तीन एकर जिरायत, कसतो भाऊ, भाताची पोती जातात भावाच्या घरात. बाईंच्या पदरात काय पडतं? काहीच नाही. आयकरातही वारशाने आलेली मालमत्ता उत्पन्न धरत नाहीत, आणि मृत्युकर तर 1985 सालीच गेला. धरलं जातं ते त्या मालमत्तेतून पुढे येणारं भाडं, पीक, व्याज.

अडचण येते ती उत्पन्नाच्या दाखल्याच्या वेळी. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात अजून तलाठीच) कधी कधी 8-अ चा, म्हणजे खात्यावरच्या एकूण जमिनीचा, उतारा काढून अख्ख्या खात्याचं उत्पन्न एकट्या बाईंच्या नावावर मांडतो. खात्यावर नावं तीन, हिस्सा एक. तिथे तू नम्रपणे पण ठामपणे बोल: हिश्श्यापुरतंच धरा, आणि जमीन प्रत्यक्षात कोण कसतो तेही लिहा. लेखी अर्ज दे, पोच घे. पुढेमागे जमीन महसूल कायद्याच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडून वाटप झालं तर हा घोळच उरत नाही.

आता दुसरी बाजू, कारण बाईंना अर्धंच सांगणं बरं नव्हे. जमीन विकली गेली किंवा रिंगरोडसाठी संपादित झाली आणि हिश्श्याचे पैसे खात्यात आले, तर चित्र पालटतं. तीन लाखांची मुदत ठेव, सात टक्के व्याज धरलं, की वर्षाचे 21,000 झाले. धुण्याभांड्याचे पैसे मोजण्याआधीच मर्यादा भरली. अशा वेळी पगार बंद होऊ शकतो, आणि तो झाकून चालू ठेवायचा नाही. आधार, बँक, योजना सगळं जोडलेलं आहे. वसुली निघाली तर गरीब बाई कुठून भरणार? स्वतःहून तहसील कार्यालयात कळवायचं. पण त्याच वेळी त्यांना हिशेब मांडून दाखव. पगार वर्षाला 18,000. त्याच्या भीतीने लाखोंच्या हिश्श्यावर पाणी सोडायचं, हा सौदा कुणाच्या फायद्याचा आहे ते त्यांना आपसूक कळेल.

आणखी एक गोष्ट भाऊ कधीच सांगत नाही. नाव लागल्याने काही मिळतंही. पीएम किसानसाठी 1 फेब्रुवारी 2019 नंतर जमीन नावावर आलेली चालत नाही, पण मालकाच्या मृत्यूनंतर वारसाहक्काने आलेली चालते. केंद्राचे 6,000, राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे 6,000. बाकीच्या अटी बसतात का ते पाहून अर्ज भर. मात्र वडिलांच्या खात्यावर त्यांच्या मृत्यूनंतरही हप्ते येत असतील तर ते कुणी काढायचे नाहीत, आधी मृत्यू कळवायचा.

शिधापत्रिकाही तपासून घे. पिवळ्याची मर्यादा 15,000, केशरीची एक लाख. इथेही उत्पन्नच बघतात. तुमच्या केंद्रावर लाडक्या बहिणीचा गोंधळ रोज येत असेल. त्यात कुटुंबाची मर्यादा अडीच लाख आहे आणि पाच एकरांची सुरुवातीची अट 2024 मध्येच काढली. पण निराधारचे 1,500 मिळतात तोवर या बाईंना ती योजना लागू नाही.

हक्काबद्दल शंका ठेवू नकोस. हिंदू वारसा कायद्यात मुलगी मुलाइतकीच वारस आहे, वडिलोपार्जित मिळकतीतही 9 सप्टेंबर 2005 पासून ती जन्माने सहहिस्सेदार आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये त्यावरचा वाद मिटवला. आई आधीच गेलेली, मृत्युपत्र नाही, दोन भाऊ आणि एक बहीण, म्हणजे एक तृतीयांश. मुस्लिम कुटुंबाचं प्रकरण आलं तर वाटणीचा हिशेब वेगळा, तेव्हा वकिलांना विचार.

मला मात्र सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. बाई पगाराचं नाव घेतात, पण त्यांच्या पोटात भीती असते माहेर तुटायची. दिवाळीला कोण बोलावणार, मुलीच्या लग्नात मामा म्हणून कोण उभा राहणार. ही भीती खोटी नाही, तिची हेटाळणी करू नकोस. भाऊ बाहेर बसलेला असताना त्यांना काही विचारू नकोस. एकटीला बोलाव, चहा दे, आणि दोन्ही बाजू कळल्यावर त्यांना काय वाटतं ते ऐक. सगळं समजून त्यांनी हिस्सा भावाला दिला, तर तो त्यांचा अधिकार आहे आणि आपण गप्प बसायचं. तो देताना निदान भीती नसावी, एवढ्यासाठी आपण तिथे बसतो.

आधी वारस नोंद होऊ दे. मृत्यूनंतर तीन महिन्यांत कळवायचं असतं. उशीर झाला म्हणून हक्क जात नाही. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र घेऊन ई-हक्क या सरकारी संकेतस्थळावर अर्ज टाक, आणि फेरफाराची (नोंद बदलण्याची) नोटीस आली की तारीख वहीत लिही, कारण हरकतीला 15 दिवसच असतात. हक्कसोड, म्हणजे हिस्सा सोडल्याचा दस्त, नोंदवलेलीच लागते, कोऱ्या स्टॅम्पपेपरवरच्या अंगठ्याला अर्थ नाही; तरी तो देऊ नये, उद्या तोच कागद भांडणात पुढे येतो.

8-अ चा उतारा आणि बाईंचं पासबुक यांचे फोटो मला पाठव. उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज आपण मिळून लिहू.

तुझी,
मावशी